पुरूचे म्हणणे राहून गेले

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली प्रकाशित झाली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि १९७४ चे मराठीतील पहिले ज्ञानपीठही तिच्यामुळेच मिळाले. इतक्या गौरवलेल्या ग्रंथाविषयीचे असमाधान संकोचानेच, परंतु स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते.

भोगाने वासना शमत नाही, हे खांडेकरांनी प्रभावीपणे दाखविले आहे. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कथा स्वमुखाने सांगतात. परंतु पित्याला आपले तारुण्य देणारा पुरू मात्र निवेदक होत नाही. महाभारतातील ययाति पुत्राचे तारुण्य हजार वर्षे भोगून मगच विरक्त होतो. कादंबरीतील ययातीला थोड्याच अवधीत उपरती होते व तारुण्य पुरूला परत मिळते. हा पश्चात्ताप खरा असेलही, पण त्याची किंमत कोणी मोजली, हे वाचकाला जाणवत नाही.

गिरीश कर्नाडांनी १९६१ च्या आपल्या कन्नड नाटकात पुरूची पत्नी चित्रलेखा उभी केली. अकाली वृद्ध झालेला पती पाहून ती विष घेते. तेथे पित्याच्या वासनेचा हिशोब त्याच्या घरातच चुकता होतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत थोरल्या मुलीचे बालपण अनेकदा धाकट्यांना सांभाळण्यात सरते. तेथे मागणारी वासना नसते, गरज असते; तरी देणारे लेकरूच असते आणि दिलेले परत मिळत नाही. लेकराने दिलेले इतक्या सहज परत करणारी कादंबरी पालकाला दिलासा देते; जागे करीत नाही.