‘आयआरक्यूबॅलन्स’ आणि समतोलाची कल्पना : एक चिकित्सा

काही साधनांविषयीचे मत त्यांच्या नावावरूनच बनते. परीक्षण मागाहून होते, किंवा होतच नाही. लिनक्सवरील ‘आयआरक्यूबॅलन्स’ हा प्रोग्रॅम ह्या जातीचा आहे. हार्डवेअरकडून येणारे व्यत्यय अनेक प्रोसेसरांमध्ये वाटून देणे हे त्याचे कार्य, आणि नाव समतोलाचे. तेव्हा समतोल चांगला, असमतोल वाईट, म्हणून हा प्रोग्रॅम चालू असावा, असा अनुमानाचा मार्ग विद्यार्थ्यापुढे आयताच तयार असतो. नांदेड-लातूरच्या पदव्युत्तर वर्गांतून ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय शिकणारा विद्यार्थी ह्या मार्गाने गेला तर त्यात नवल नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या मुलुखात ठरीव उत्तराचे सामर्थ्य कोणास सांगावयास नको. परंतु हाच विद्यार्थी उद्या पुण्यास वा हैदराबादेस एखाद्या सर्व्हरची जबाबदारी घेतो, आणि तेथे हे उत्तर पुरत नाही. यास्तव ह्या प्रोग्रॅमच्या मुळाशी असलेली समतोलाची कल्पनाच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘इंटरप्ट’ला मराठीत ‘व्यत्यय’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. पण त्यातून केवळ अडथळ्याचा बोध होतो. वस्तुतः ही हाक असते. नेटवर्क कार्डावर पॅकेट येऊन पडले की कार्ड प्रोसेसरला हाक मारते. प्रोसेसर हातातले काम बाजूस ठेवतो, अगदी थोडक्यात हाकेची नोंद घेतो, आणि पॅकेट उलगडण्याचे खरे काम ‘सॉफ्टआयआरक्यू’ ह्या पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवतो. हा पुढचा टप्पा सामान्यतः त्याच प्रोसेसरवर पार पडतो. म्हणजे ज्याने हाकेला ओ दिली त्याच्याच अंगावर काम पडते. हाका कोणाकडे पाठवाव्यात ह्या प्रश्नाला एवढे महत्त्व आहे ते ह्यामुळे.

हा प्रश्न उद्भवला तो काळही ध्यानात घ्यावयास हवा. कर्नलच्या २.४ मालिकेच्या दिवसांत पेंटियम ४ पिढीच्या बहुप्रोसेसर यंत्रांवर बहुतेक सर्व हाका पहिल्याच प्रोसेसरकडे जात, आणि बाकीचे स्वस्थ बसून असत. त्यावर उपाय म्हणून २.६ च्या आरंभीच्या आवृत्त्यांत कर्नलमध्येच वाटपाची सोय होती. पुढे ती काढून टाकण्यात आली. हे काम कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रॅमकडे सोपवावे, हा विचार आर्यान व्हॅन द व्हेन ह्यांच्या ‘आयआरक्यूबॅलन्स’ने रुजवला, नंतर नील हॉर्मन ह्यांनी त्याची देखभाल केली. धोरण कर्नलबाहेर आणि यंत्रणा कर्नलमध्ये, ही विभागणी योग्यच होती. आक्षेप आहे तो धोरणाच्या मापाविषयी.

हे माप असे : ठरावीक अंतराने, सामान्यतः दर दहा सेकंदांनी, हा प्रोग्रॅम दोन नोंदी वाचतो. एकीत प्रत्येक हाकेची प्रोसेसरनिहाय संख्या असते. दुसरीत प्रत्येक प्रोसेसरने हाका व सॉफ्टआयआरक्यू ह्यांवर खर्च केलेला वेळ. मग एका प्रोसेसरचा हा वेळ त्याच्याकडे आलेल्या हाकांमध्ये संख्येच्या प्रमाणात वाटून प्रत्येक हाकेचा ‘भार’ ठरवला जातो. सरासरी व प्रमाण विचलन काढून, ज्या प्रोसेसरवर भार फाजील झाला असेल त्याच्याकडील एखादी हाक दुसरीकडे हलवली जाते. गणित सुबक आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे एका प्रोसेसरवरील सर्व हाका सारख्याच कामाच्या असतात.

हे गृहीत नेटवर्कच्या बाबतीत नेमके उलटे ठरते. कर्नलमधील ‘नॅपी’ ही पद्धती अशी आहे की, पॅकेटांचा ओघ वाढला की कार्डाच्या हाका तात्पुरत्या बंद केल्या जातात आणि कर्नल स्वतःच कार्डाकडे जाऊन पॅकेटे गोळा करतो. हाका अनावर झाल्या म्हणजे यंत्र फक्त हाकांनाच ओ देत राहते आणि हाती काही लागत नाही, हा धोका जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन ह्यांनी १९९६ मध्येच दाखवून दिला होता. ‘नॅपी’ हे त्यावरचे उत्तर होय. परिणाम असा की, ज्या रांगेवर काम सर्वाधिक, तिच्या हाका कमी. अशी एक जड रांग आणि वारंवार हाका मारणारे पण हलक्या कामाचे दुसरे एखादे उपकरण एकाच प्रोसेसरवर आले, तर प्रमाणवाटपाच्या हिशेबात जड रांगेचा भार त्या बोलक्या उपकरणाच्या नावे मांडला जातो. बाजारात ओरडणाऱ्याचा माल खपतो म्हणतात. येथे ओरडणाऱ्याच्या नावावर दुसऱ्याचे ओझे चढते.

दहा सेकंदांचे अंतरही विचारात घेण्याजोगे आहे. एक गिगाबिटच्या जोडणीवर पूर्ण आकाराची पॅकेटे सेकंदाला सुमारे ८१ हजार येऊ शकतात. म्हणजे एका पाहणीपासून दुसरीपर्यंत आठ लाखांवर पॅकेटे निघून गेलेली असतात. ज्या यंत्रावर काम दिवसभर एकाच चालीने चालते तेथे ह्याने बिघडत नाही. पण काम लाटांनी येत असेल, तर ओसरून गेलेल्या लाटेवरून पुढच्या लाटेची व्यवस्था ठरवली जाते.

ह्याहून गंभीर मुद्दा जवळिकीचा आहे. दोन सॉकेटांच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक सॉकेटाची स्मृती स्वतंत्र असते. दुसऱ्या सॉकेटाच्या स्मृतीतून माहिती आणण्यास अधिक वेळ लागतो. लातूरकरांना ह्या भेदासाठी दूरचा दृष्टान्त नको. मांजरा धरण आटल्यावर, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि पाणी पाच लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. लिटर मिरजेत आणि लातुरात सारखेच भरते. फरक पडतो तो अंतराने, आणि स्थानकावर उतरलेले पाणी घरापर्यंत कसे न्यावयाचे ह्या प्रश्नाने. ‘आयआरक्यूबॅलन्स’ला पहिल्या अर्ध्या गोष्टीचे भान आहे, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. कार्ड कोणत्या सॉकेटाशी जोडलेले आहे हे तो पाहतो आणि हाक शक्यतो तेथेच ठेवतो. मात्र त्या पॅकेटाची वाट पाहणारे ॲप्लिकेशन कोणत्या प्रोसेसरवर बसले आहे, हे त्याच्या हिशेबात येत नाही. पाणी कोठून आले हे त्याला ठाऊक असते. तहानलेला कोठे आहे हे नसते.

ही उणीव कर्नलमध्येच अन्य मार्गाने भरून काढण्यात आली. गूगलमधील टॉम हर्बर्ट ह्यांच्या प्रयत्नांतून २०१० मध्ये २.६.३५ ह्या आवृत्तीत आलेली ‘रिसीव्ह फ्लो स्टीअरिंग’ ही सोय पॅकेटाचा प्रवाह ओळखते आणि ज्या प्रोसेसरवर ग्राहक ॲप्लिकेशन चालले आहे त्याच्याकडे पुढचे काम धाडते. येथे प्रश्नच बदललेला आहे. कोणाकडे किती गेले, ह्याऐवजी जे गेले ते योग्य ठिकाणी गेले का, असे विचारले जाते. कार्डामधील बहुरांगी वाटपही एका प्रवाहाची पॅकेटे एकाच रांगेत ठेवते, म्हणजे त्यांचा क्रम मोडत नाही. म्हणून प्रयोगशाळेतील सर्व्हरवरून एकाच जोडणीने मोठी फाईल उतरवली जात असता एकच प्रोसेसर तापलेला आणि बाकीचे थंड दिसले, तर त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. हे चित्र पाहून ‘समतोल बिघडला’ असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी नावाला भुललेला असतो.

मराठीत ‘तोल’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक तराजूचा : दोन्ही पारडी सारखी. दुसरा डोंबाऱ्याचा : दोरीवर उभा असलेला माणूस दोन्ही बाजूंस सारखे वजन वाटत बसत नाही, पडू नये एवढेच हलतो, आणि जितके कमी हलेल तितका तो कसबी. ‘आयआरक्यूबॅलन्स’चे गणित पहिल्या अर्थाचे आहे, पण त्यातील प्रशंसनीय भाग दुसऱ्या अर्थाचा. एखाद्या प्रोसेसरकडे एकच हाक असेल तर ती तो हलवत नाही. अमुक हाकांना हात लावू नये असे त्यास बजावता येते. एकदाच मांडणी करून थांब, असेही सांगता येते.

कोठे थांबावे ह्याचे महाराष्ट्रातील बोलके उदाहरण नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीत, सापडते. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. २०१० च्या सुमारास त्यांच्या संकेतांची सांगड घालण्याचे काम बाजारात मिळणाऱ्या सामान्य संगणकांच्या लिनक्स-समूहावर, सॉफ्टवेअरने होऊ लागले. तबकड्यांचे संकेत वेगवेगळ्या यंत्रांवर टिपले जातात, आणि मग नेटवर्कवरून अशी फेरवाटणी करावी लागते की, एका कालखंडाचे सर्व तबकड्यांचे संकेत एका यंत्राकडे यावेत. अशा ठिकाणी कामाचे स्वरूप आगाऊ ठाऊक असते आणि हुकलेला क्षण आकाशातून पुन्हा मागवता येत नाही. दहा सेकंदांच्या सरासरीवरून हाका हलवणाऱ्या प्रोग्रॅमला येथे वाव नाही. कोणती हाक कोणत्या प्रोसेसरने घ्यावी हे माणसाने विचारपूर्वक ठरवून कायम करणेच अशा कामास शोभते.

दरम्यान कर्नलही बदलला. हाकेला जागा देतानाच प्रोसेसरांवर ती पसरवण्याची व्यवस्था झाली; वेगवान साठवण-उपकरणांच्या हाका कर्नल स्वतःच्या ताब्यात ठेवतो आणि त्या बाहेरून हलवताच येत नाहीत. २०२४ मधील उबुंटू २४.०४ ह्या आवृत्तीत ‘आयआरक्यूबॅलन्स’ आपोआप बसवला जाणे बंद झाले. ह्यास त्या प्रोग्रॅमचा पराभव म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या दिवसांत सर्व ओझे पहिल्या प्रोसेसरवर पडत होते त्या दिवसांचे त्याने निवारण केले; मिश्र कामाच्या, देखरेख नसलेल्या यंत्रावर तो अजूनही उपद्रवापेक्षा उपकारच अधिक करील.

अध्यापनात मात्र त्याची जागा बदलावयास हवी. चार प्रोसेसरांचे एक यंत्र व गिगाबिटची जोडणी एवढी सामग्री विभागातील कोणत्याही प्रयोगशाळेत असते. प्रोग्रॅम चालू ठेवून, तो बंद करून, आणि शेवटी ‘एसएमपी ॲफिनिटी’च्या फाईलीत हाताने मूल्य लिहून, असे तेच काम तीनदा करावे. प्रत्येक वेळी ‘इंटरप्ट्स’च्या नोंदीबरोबरच ‘सॉफ्टनेट स्टॅट’ ही नोंदही उतरवून घ्यावी. तिच्या दुसऱ्या स्तंभात टाकून दिलेल्या पॅकेटांची संख्या असते, तिसऱ्यात वेळ अपुरा पडल्याची. पहिली नोंद सारखी दिसत असता ही दुसरी वाढत असेल, तर त्याचे कारण लिहिण्यास विद्यार्थ्याला सांगावे, आणि गुण त्या कारणाला द्यावेत.