‘निकाली’ म्हणजे मिटलंच का?
विंचूरमधला बांधाचा वाद गावच्या तंटामुक्ती समितीत मिटू शकतो, नाहीतर निफाड कोर्टातल्या लोकअदालतीत. आपण संशोधक मात्र दोन्ही ‘पर्यायी वादनिवारण’ या एकाच पोत्यात भरतो आणि निकाली प्रकरणं मोजत बसतो. माझा आक्षेप इथंच आहे.

तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. तिच्यात गावाला बक्षीस होतं, म्हणजे आकडा वाढण्यात गावालाच रस. पण समितीपुढची तडजोड आपोआप हुकूमनामा होत नाही. लोकअदालतीचा निवाडा मात्र विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ नुसार दिवाणी हुकूमनाम्याच्या तोडीचा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच जलौर सिंग प्रकरणात (२००८) सुप्रीम कोर्टानं बजावलं की, तडजोड झालीच नसेल तर लोकअदालतीनं स्वतः निकाल द्यायचा नाही.

आता बघा, कुणी दाखलपूर्व नोटिशीवर घरपट्टीची थकबाकी भरली, तेही ‘निकाली’. बहिणीनं वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावांना सोडला, तेही ‘निकाली’. तक्त्यात दोन्हींची किंमत एकच!

त्यामुळे ‘किती मिटले?’ याआधी विचारा: कोणी काय सोडलं? अपील नाही हे तिला सही करण्याआधी कोणी सांगितलं होतं का? तिचा वकील कोण होता? ही उत्तरं तक्त्यात सापडत नाहीत. त्यासाठी गावात जाऊन बसावं लागतं, आणि भावांच्या ओट्यावर नव्हे, तिच्या घरी.