ओल्झास सुलेमेनोव यांचे ‘आझ इ या’: शब्दाच्या थरांतील कालावकाश

साहित्यातील स्थळ आणि काळ यांचा एकत्र विचार करताना समीक्षक ‘क्रोनोटोप’ ही संज्ञा वापरतात. मराठीत आपण तिला ‘कालावकाश’ म्हणू. ती रूढ करणारे मिखाईल बाख्तिन १९३० पासून काही वर्षे कझाकस्तानातील कुस्तानाय येथे हद्दपारीत होते. हा योगायोगच, पण विषय तिथलाच असल्याने सांगावासा वाटला.

रशियन भाषेत लिहिणाऱ्या कझाक लेखकांची निबंधपरंपरा जुनी आहे. चोकान वालिखानोव यांचे ‘झुंगारियाविषयक निबंध’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत लेखक वाट चालतो आणि वाटेवर भेटणारी माणसे, अवशेष, दंतकथा यांतून इतिहास उलगडतो. म्हणजे आधी स्थळ, मग काळ. सुलेमेनोव यांच्या १९७५ च्या ‘आझ इ या’ या निबंधग्रंथात हा क्रम उलटतो. लेखक जागचा हलत नाही. तो एका जुन्या ग्रंथातील शब्द खणतो.

शीर्षकच पाहा. ‘आझ’ म्हणजे जुन्या स्लाव्ह भाषेतील ‘मी’, ‘या’ म्हणजे आजच्या रशियनमधील ‘मी’, आणि ‘इ’ म्हणजे ‘आणि’. सलग वाचले तर ‘आझिया’, म्हणजे आशिया! दोन काळांतले दोन ‘मी’ जोडले की एक भूखंड तयार होतो.

सुलेमेनोव भूगर्भशास्त्राचे पदवीधर. खणलेला ग्रंथ म्हणजे ११८५ च्या स्वारीवरील ‘इगोरच्या सैन्याची गाथा’. तिचे हस्तलिखित १८१२ च्या मॉस्कोच्या आगीत नष्ट झाले. आपल्या हाती उरले ते नंतरच्या नकलेवरून छापलेले रूप. सुलेमेनोव म्हणतात, मूळ कवी द्विभाषिक होता. नंतरच्या नकलकाराला तुर्की शब्द कळले नाहीत, त्याने ते आपल्या समजुतीने बदलले. म्हणून स्व्यातोस्लावच्या स्वप्नातील एक दुर्बोध जागा ते तुर्की मानून ‘लोखंडी बेड्या’ अशी वाचतात. एकाच शब्दात कवीचा काळ आणि नकलकाराचा काळ एकावर एक बसलेले आहेत.

यामुळे स्टेपचा नकाशाही बदलतो. ज्या कोंचाक खानाने इगोरला कैद केले, त्याचीच मुलगी पुढे इगोरची सून झाली. शत्रू व्याही निघाला! सीमेपलीकडची ‘रिकामी’ गवताळ जमीन मग रिकामी राहत नाही, आणि मॉस्कोतील अभ्यासकांना हे झोंबले. १९७६ मध्ये विज्ञान अकादमीत पुस्तकावर कडक चर्चा झाली, ते विक्रीतून मागे घेतले गेले.

टीका केवळ राजकीय नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवा. अनेक व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांना पटलेल्या नाहीत आणि मलाही पुस्तकाचा दुसरा भाग पटत नाही. तिथे लेखक तुर्की शब्दांवरून थेट सुमेरपर्यंत जातो. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो की बोअरमधून काढलेल्या नमुन्यावर खोली लिहिली नसेल तर तो नुसता दगड. गाथेच्या बाबतीत ही खोली ठाऊक आहे: स्वारीचे साल, शेजारी, लग्नसंबंध. सुमेर आणि तुर्की यांच्यामध्ये हजारो वर्षांचे थर आहेत, आणि नुसत्या ध्वनिसाम्यावर ते ओलांडले जातात. तेव्हा पहिला भाग सावकाश, हाताशी गाथा ठेवून वाचा. दुसरा वाचताना प्रत्येक शब्दाला त्याची खोली विचारा.