गोष्ट मित्राच्या तोंडून

हिमांजली शंकर यांच्या 'टॉकिंग ऑफ मुस्कान' या कादंबरीत मुस्कान स्वतः बोलत नाही. या शाळकरी मुलीनं जीव द्यायचा प्रयत्न केलाय, ती इस्पितळात आहे, आणि तिच्याविषयी सांगतायत आलिया, प्रतीक नि सुभोजॉय. तिघांना तिघी वेगळ्या मुस्कान दिसतात. त्याच वर्षी, २०१४ मध्ये, पायल धर यांची 'स्लाइटली बर्न्ट' आली. तिथंही तेच. साहिल आता आपल्याला मागणी घालणार या धास्तीत असलेल्या कोमलला तो सांगतो, की तो गे आहे. पुढची सगळी गोष्ट कोमलची: तिचा धक्का, तिनं तोडलेली मैत्री, तिचं हळूहळू शहाणं होणं.

दोन्ही पुस्तकं मला मोलाची वाटतात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१३ मध्ये ३७७ कलम पुन्हा जिवंत केलं होतं. मोठ्यांचंच प्रेम जिथं गुन्हा ठरलं, तिथं मुलांसाठी हा विषय लिहायला धैर्य लागतं. बावरलेल्या वाचकाला त्याच्यासारख्याच बावरलेल्या मित्राचं बोट धरून आत न्यायचं, ही युक्तीही समजते. पण वर्गात एखादा साहिलच वाचक असेल, तर त्याला या पुस्तकात स्वतःचा आवाज सापडत नाही. आपल्यामुळे मैत्रिणीला काय सोसावं लागलं, तेवढं मात्र सविस्तर कळतं.

मराठीला ही रचना अनोळखी नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली सुमित्रा देव आपल्यापर्यंत येते ती बापूच्या निवेदनातून. बापू तिच्यावर जीव टाकतो, तिच्यासाठी धावाधाव करतो, आणि तरी तिला वाचवू शकत नाही. शेवटी सुमित्रा मरते आणि सांगायला बापू उरतो.

अमेरिकेत सुरुवात उलट टोकाकडून झाली. जॉन डोनोव्हनची १९६९ची कादंबरी किशोरांसाठी समलिंगी प्रेमाविषयी झालेल्या लेखनातली पहिली मानली जाते. तिच्यात तेरा वर्षांचा डेव्ही स्वतःच बोलतो, पण बोलण्याची किंमत मोजतो. मित्राशी आलेली जवळीक आईला कळते, त्याच गोंधळात त्याचा लाडका कुत्रा मोटारीखाली जातो, आणि हे आपल्याच वागण्याचं फळ असं पोराच्या मनात बसतं. नॅन्सी गार्डन यांनी १९८२ मध्ये 'ॲनी ऑन माय माइंड' लिहून ही शिक्षा मागे घेतली. लायझा आणि ॲनी शेवटी एकमेकींना परत मिळतात. शिक्षा मग पुस्तकाच्या वाट्याला आली: १९९३ मध्ये कॅन्सस सिटीत त्याची प्रत जाळली गेली आणि कॅन्ससमधल्या एका शाळा-मंडळानं ते ग्रंथालयांतून काढलं. विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले, तेव्हा १९९५ मध्ये ते कपाटात परतलं.

या सगळ्यांत माझं सर्वांत आवडतं बेंजामिन अलीरे सायेन्स यांचं २०१२ चं 'ॲरिस्टॉटल अँड दांते डिस्कव्हर द सीक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स'. टेक्सासमधलं एल पासो, मेक्सिकन वळणाची दोन घरं, १९८७ चा उन्हाळा. अरी पहिल्या ओळीपासून स्वतःच बोलतो, पण मनातली एक गोष्ट स्वतःपासूनही लपवून. दांतेला वाचवायला तो भरधाव मोटारीसमोर झेपावतो, पाय मोडून घेतो, आणि तरी त्याला उमगत नाही. ते अखेर आईवडील समोर बसवून सांगतात. पोराच्या आधी घराला कळलेलं असणं मला फार खरं वाटतं. आपल्याकडेही आईला कळलेलं असतंच. ती बोलत नाही, इतकंच.

ॲलिस ओसमन यांचं 'हार्टस्टॉपर' वेबकॉमिक म्हणून २०१६ मध्ये सुरू झालं, २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर गेलं. ते फार गोड आहे, ही तक्रार मला पटत नाही. शाळेत झालेल्या छळाचा वळ चार्लीच्या खाण्यापिण्यावर, शरीरावर उमटलेला त्यात दिसतो. आणि त्यातला ताओ मला जवळचा वाटतो. चार्ली गे आहे याचं त्याला काहीच नाही; चार्लीच्या आयुष्यात निक आल्यावर आपला मित्र आपला राहील का, ही त्याची भीती. इथं मित्र स्वीकाराचं प्रशस्तिपत्र वाटत बसत नाही. त्यालाही काहीतरी हवं असतं.

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्ल्यू'मध्ये (२००६) तनय स्वतः बोलतो, निघून गेलेल्या माणसाला उद्देशून, आणि ते बोलणं मराठीत आजही ताजं आहे. पण ती कादंबरी मोठ्यांची, आणि तनय त्यात विलक्षण एकटा आहे. ज्याला सगळं सांगावं असा एक मित्र त्याला नाही. कुमारांच्या कपाटात तर अशी गोष्ट अजून शोधावीच लागते. 'बायल्या' हा शब्द मात्र पाचवीतल्या पोरालाही पाठ असतो.

आमच्या वर्गात एका मुलाला तीच हाक होती. हजेरीतलं त्याचं नाव कुणी घेतच नसे. मी त्याच्या मागच्या बाकावर होते. हसले नाही, पण त्याला नावानं हाकही मारली नाही. मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन नळाजवळच्या पायरीवर एकटा बसायचा. तिथं बसून तो काय पाहत होता, हे सांगणारी मराठी कादंबरी मला वाचायची आहे. त्यात मागच्या बाकावरची मुलगी असली तर असू दे, पण निवेदन तिच्याकडे नको.