पटावरच्या हत्तीला चारा

बुद्धिबळाच्या पटावरील हत्तीला चारा लागत नाही आणि घोड्याला पाणी दाखवावे लागत नाही. त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही, कारण बुद्धिबळाने वास्तवाचे वचन कधी दिलेच नव्हते. संगणकावरील राज्य उभारण्याच्या खेळांनी मात्र ते दिले आहे. त्यांच्या पडद्यावर झाडे तोडली जातात, खाणी खणल्या जातात, शेतात माणसे राबतात. म्हणून कथा-कादंबरीला आपण जो प्रश्न विचारतो, तोच या खेळांनाही विचारायला हवा : यात वास्तव किती, आणि ते कशासाठी? माझ्या शाळेतील मुलांच्या तोंडी मधल्या सुट्टीत याच खेळांची नावे असतात. तेव्हा भाषेच्या शिक्षकाने त्यांचा विचार करणे अगदीच अस्थानी ठरू नये.

'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग घेऊ. १९९९ साली आलेला हा खेळ २०१९ साली नव्या रूपात आला आणि आजही खेळला जातो. अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करायचे आणि त्यांच्या बळावर मध्ययुगीन राज्य वाढवायचे, असा तो मामला. एका झाडातून १०० लाकूड मिळते, सोन्याच्या एका ढिगातून ८००. शेत घालायला ६० लाकूड मोजावे लागते. सुधारणा केल्या नाहीत तर १७५ अन्न दिल्यावर ते संपते आणि पुन्हा लाकूड देऊन पेरावे लागते. ना पाऊस, ना हंगाम, ना बी-बियाणे. तोडलेल्या झाडाला पुन्हा पालवी फुटत नाही. शेतकऱ्याच्या घरात हे सांगितले तर हसूच येईल.

तरीही या खोट्या हिशेबातून एक खरी गोष्ट निघते. बिनीच्या घोडेस्वाराला ६० अन्न आणि ७५ सोने लागते. साध्या भालाइताला ३५ अन्न आणि २५ लाकूड पुरते. डाव लांबला आणि खाणी आटल्या, की घोडदळ परवडेनासे होते आणि भालाइतांवर भिस्त ठेवावी लागते. खजिना रिता झाला की फौजेचे रूप बदलते, हे इतिहासाच्या पुस्तकातील कोरडे वाक्य मुलाला येथे सोसावे लागते. तपशील खोटा, पण पेच खरा! वास्तववादी कादंबरीकारही नायकाची रोजची न्याहारी लिहीत बसत नाही. तोही निवडच करतो.

म्हणून 'वास्तव की गंमत' हा वाद मुळातच चुकीचा मांडला जातो, असे मला वाटते. एक पक्ष म्हणतो, धान्य कुजू द्या, अवजारे झिजू द्या, रोपे वाढायला वर्षे लागू द्या. दुसरा म्हणतो, मग खेळ कसला, ती कारकुनी झाली. माझी कसोटी साधी आहे. एखाद्या तपशिलामुळे खेळणाऱ्यापुढे निवड उभी राहते का? राहत असेल तर तो ठेवावा. नुसते खतावणी भरण्याचे काम वाढत असेल तर खुशाल गाळावा.

या कसोटीवर 'एज ऑफ एम्पायर्स' एका ठिकाणी उणा पडतो. त्यात पाण्याचा हिशेबच नाही. शेत नदीकाठी घाला की माळावर, पीक तेवढेच. जंगल साफ केले तर जमिनीचे काही बिघडत नाही; उलट फौजेला वाट मोकळी होते. उसाच्या आणि बोअरच्या आमच्या मुलखात ही उणीव लहान म्हणता येणार नाही. खेळ ज्याची किंमत मागत नाही ते फुकट असते, अशी समजूत नकळत मुरत जाते.

पाणी खेळात बसवणे अवघड आहे, ही सबब चालणार नाही. सिड मायर यांच्या 'सिव्हिलायझेशन'ने ते १९९१ सालीच बसवले होते. शेत भिजवायचे तर शेजारी पाणी हवे, नाहीतर आधी भिजलेले शेत हवे. एवढ्या एका नियमाने नदीचे मोल कळत असे. कारखान्यांची घाण साचली की हवामान बिघडून सुपीक जमीन हातची जाई, तेही त्यात होते. याच मालिकेतील सहाव्या खेळाची 'गॅदरिंग स्टॉर्म' ही पुरवणी फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. तिच्यात कोळसा आणि तेल जाळले की पुढे समुद्र चढतो आणि किनारा बुडतो. नदीला पूर आला की नुकसान होते, पण गाळाने जमीन कसदारही होऊ शकते. मग काठाला वसायचे की नाही? त्याच वर्षीच्या ऑगस्टात कृष्णाकाठच्या गावांना हा प्रश्न नव्याने पडला होता. या पुरवणीचा एक दोष सांगायला हवा. समुद्र चढू लागतो तोवर जय-पराजय बहुधा ठरलेला असतो, त्यामुळे त्या संकटाची धार बोथट होते. पण दिशा योग्य आहे.

तेव्हा खेळ रचणाऱ्यांनी तपशील हवे तेवढे गाळावेत, परिणाम मात्र गाळू नयेत. आणि पालकांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत मूल पडद्यासमोर बसले तर लगेच रागावू नका. घटकाभर शेजारी बसा आणि विचारा : तुझ्या या शेताला पाणी कुठून येते रे?