‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ आणि कोल्हापूरची हजेरी

कै. गोपाळ गणेश आगरकर यांचें ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हें पुस्तक आकारानें लहान, परंतु साधन या नात्यानें मोठें आहे. कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांजविरुद्ध केलेल्या लेखनाबद्दल टिळक व आगरकर यांस १७ जुलै १८८२ रोजीं चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबरास ते सुटले. कोठडी, अन्न आणि उभयतांचे वाद यांविषयीं आगरकर मोकळेपणानें लिहितात. हौतात्म्याचा आव आणीत नाहींत. हा ग्रंथाचा मोठा गुण होय.

तथापि हें पुस्तक एकटेंच वाचलें असतां, तुरुंगांतून परतलेल्यास महाराष्ट्र उदारपणें पोटाशीं धरितो, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नव्हे. लेखांस आधारभूत पत्रें बनावट ठरलीं, तरी या दोघांचा सुटकेनंतर जाहीर सत्कार झाला; कारण छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांच्या छळास त्यांनीं वाचा फोडली, ही लोकभावना होती. गौरव झाला तो लोकप्रिय कार्याचा. पुढें त्याच आगरकरांनीं सामाजिक सुधारणेचा कैवार घेतला, तेव्हां पुण्यांत त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली. याच प्रकरणांत शिक्षा झालेले कोल्हापूरचे वकील नाना भिडे यांचें तर नांवही आज थोड्यांस ठाऊक आहे.

राजदंड भोगिलेला मनुष्य निर्मळ होतो, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. हें वचन आमच्या समाजानें सर्वांस सारखें लाविलें नाहीं. त्याची साक्ष कोल्हापुरांतच मिळते. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांस, अंगीं कांहीं गुन्हा शाबीत झालेला नसतांही, सरकारी हजेरी द्यावी लागे. शिक्षेस निदान मुदत असते. हजेरीस ती नव्हती. एकास १०१ दिवसांनंतर पुष्पहार, दुसऱ्यास जन्मभर संशय! शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांस आपल्या सोनतळी येथील छावणीवर पहारेकरी नेमिलें. ज्यांस लोक चोर म्हणत, त्यांच्याच हातीं राखण सोंपविण्याचें हें कृत्य कोणत्याही मानपत्राहून वजनदार आहे. ब्रिटिश अमलांतील गुन्हेगार जमातींचा कायदा मात्र सबंध देशांतून उठण्यास १९५२ साल उजाडावें लागलें.

आगरकरांच्या पुस्तकाची योग्यता यानें कमी होत नाहीं. त्याच्या वाचनास जोड मात्र हवी. मानपत्रें आपण रेशमी रुमालांत बांधून ठेवितों, आणि चावडीवरील हजेरीचे कागद रद्दी म्हणून टाकून देतों. संग्राहकांस विनंती कीं, असे कागद हातीं आल्यास त्यांसही त्याच रुमालांत जागा द्यावी. तुरुंगांतून परतलेल्यांचा इतिहास त्यावांचून एकांगी राहील.