शत्रूची ओळख

दिवाळीच्या सुटीत साकोलीसारख्या तालुक्याच्या गावीदेखील आता फटाक्यांच्या जोडीने बंदुकांचे आवाज ऐकू येतात. ते मोबाईलमधून आणि संगणकातून येतात, इतकेच. या खेळांविषयी घरातील वडीलधारी मंडळी दोनच गोष्टी बोलतात: डोळे बिघडतील आणि अभ्यास बुडेल. दोन्हींत तथ्य आहे. तथापि नाटकाविषयी बोलताना जो केवळ जागरणाची तक्रार करतो, त्याला आपण नाटकाचा जाणकार म्हणत नाही. या खेळांनाही रचना आहे, चित्रकला आहे, पात्रयोजना आहे. आणि ज्या वस्तूपुढे आपली मुले तासन् तास बसतात तिचे गुणदोष पाहणे हे रसिकाचे कामच आहे. म्हणून या खेळांतील एकच बाब मी येथे तपासणार आहे. समोरून येणारा शत्रू कोणत्या जातीचा आहे, हे खेळणाऱ्याला कळते कसे?

ज्यांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडा खुलासा. या प्रकाराला फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात. त्यात नायक बहुधा दिसतच नाही. पडद्याच्या खालच्या कडेला त्याचे हात आणि हातातील शस्त्र तेवढे दिसते, कारण नायकाच्या डोळ्यांनीच आपण सारे पाहत असतो. समोरून शत्रू येतात. कोणी दुरून नेम धरणारा, कोणी अंगावर धावून येणारा, कोणी ढालीआड लपणारा. प्रत्येकाशी लढण्याची रीत वेगळी, आणि ती ठरवायला मिळणारा वेळ निमिषाचा. तेवढ्या वेळात ओळख पटली नाही तर खेळणारा हरतो. आणि आपण का हरलो हे त्याला कळले नाही, तर तो खेळ त्याला अन्यायाचा वाटतो. शत्रूचे रूप हा म्हणूनच केवळ सजावटीचा भाग नाही. खेळाचा न्याय त्यावर उभा आहे.

हा प्रश्न आमच्या झाडीपट्टीला नवा नाही. भाऊबीज झाली की भंडारा-गोंदियाकडच्या गावोगावी मंडई भरू लागते, आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा वडशाहून आलेल्या मंडळीचे नाटक उभे राहते. मांडवात माणसे दाटीने बसतात. मागच्या रांगेतील म्हातारीला नटाचे नाकडोळे काही दिसत नाहीत. तरीही खलनायक पडद्याआडून पाऊल टाकतो तोच तिला कळते, की हा घात करणार! त्याची चाल, खांद्यांचा ताठा, वेषाचा गडद रंग, पाठीमागे वाजणारी वाद्ये, यांतून ती ओळख होते. विनोदी नट तर तोंड उघडण्यापूर्वीच हशा घेतो. याच रंगभूमीवरील कामगिरीसाठी गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दूरच्या माणसाला निमिषात पात्र ओळखता यावे ही या नटांची पहिली विद्या. संगणकाच्या चित्रकारांना ती पुन्हा प्रथमपासून शिकावी लागली.

आरंभी त्यांच्याजवळ फारसे साहित्यही नव्हते. १९९२ साली आलेल्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' या खेळातील शिपाई जवळून पाहिले तर रंगीत चौकटींचे ढीग वाटतात. अशा चित्रात चेहऱ्याला काही अर्थ नसतो. म्हणून तेथे गणवेशाच्या रंगावर भिस्त ठेवली गेली. साधा पहारेकरी तपकिरी, त्याहून चिवट असा खास पथकातला शिपाई निळा, चपळ अधिकारी पांढरा. आवाजाचीही जोड होती. पहारेकऱ्याची आरोळी वेगळी, खास पथकातील शिपायाची वेगळी. आणि मग एक जात अशी येते, की जी आपल्याला पाहून आवाजच करीत नाही. तिची दहशत तिच्या बंदुकीपेक्षा तिच्या मुकेपणात आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९३ साली, त्याच मंडळींचा 'डूम' आला. त्यातील प्राणी आकारानेच ओळखू येतात: एक काटेरी तपकिरी, एक गुलाबी आणि सगळा जबडाच, एक तरंगता लाल गोळा आणि त्याला एकच डोळा. शिवाय त्या गुलाबी प्राण्याचीच एक जवळजवळ अदृश्य आवृत्ती केलेली आहे; अंधाऱ्या खोलीत नुसती हवा थरथरल्यासारखी दिसते. रचनाकाराने आधी ओळखीचा नियम घालून दिला, खेळणाऱ्याचा त्यावर विश्वास बसू दिला, आणि मग तो जाणूनबुजून मोडला. भयरस साधतो तो असा.

या विद्येचे शास्त्र म्हणावे असे काम २००७ सालच्या 'टीम फोर्ट्रेस टू' या खेळात झाले. त्याच्या कर्त्यांनी आपली पद्धत एका निबंधात मांडलेलीही आहे. त्यांच्या मते पाहणाऱ्याच्या डोळ्याला तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने मिळाली पाहिजेत. हा आपला की परका? ते रंग सांगतो: तांबडा पक्ष आणि निळा पक्ष. हा कोण आहे, याच्यावर चालून जावे की पळावे? ते शरीराची बाह्याकृती सांगते. आणि याच्या हातात काय आहे? त्यासाठी पायाकडे गडद आणि छातीकडे उजळ अशी रंगांची चढण ठेवली, म्हणजे नजर आपोआप शस्त्रावर जाते. या खेळात योद्ध्यांच्या नऊ जाती आहेत. त्या सर्वांच्या काळ्या सावल्या भिंतीवर पाडल्या तरी कोण कोणता हे पोरही सांगेल. एक पहाडासारखा आडवा, एक काटकुळा आणि पायांत वारा भरलेला, एक पाठीला वाक आलेला. अमेरिकेतील जे. सी. लेयेंडेकर या जुन्या चित्रकाराच्या जाहिरातचित्रांपासून त्यांनी हे धडे घेतले. नववी जात हेराची. तो शत्रूचे रूप घेऊन तुमच्यात येऊन उभा राहतो. पण तेथेही न्याय सुटलेला नाही. कारण आपल्या पक्षाच्या माणसातून आरपार जाता येते, हेराला मात्र धक्का लागतो. डोळा फसला तरी अंगाला ओळख पटते. ही युक्ती मला फार आवडते.

२००१ सालच्या 'हेलो'मध्ये आणखी एक पायरी गाठलेली आहे. त्यात बुटके शिपाई आणि त्यांचे उंच नायक अशी फौज आहे. नायकांत निळा, तांबडा, सोनेरी असा दर्जा चढत जातो. नायक पडला की बुटक्यांची फौज घाबरून पळू लागते. म्हणजे कोणाला आधी गाठावे हे रंगावरून कळते आणि का गाठावे हे त्याच्या अनुयायांच्या वागणुकीवरून. रूप आणि स्वभाव यांची अशी सांगड आपण चांगल्या कादंबरीकडून मागतो. खेळाने ती दिली तर दाद का देऊ नये?

आता खऱ्या रणांगणाकडे वळू. तेथेही एके काळी रूप स्पष्टच असे. नागपूरच्या सीताबर्डीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत जी लढाई झाली, तीत भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई होते आणि टेकडीवर कंपनीच्या पलटणी होत्या. तांबडा डगला हा कंपनीच्या पलटणींचा ठरीव वेष. त्या काळच्या काळ्या दारूने रणांगण धुराने भरून जाई. त्या धुरात आपला कोण हे सेनापतीला कळावे यासाठी भडक रंग उपयोगी पडत. १८८०नंतर बिनधुराची दारू आणि लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या, आणि तोच भडक डगला शत्रूला आयते लक्ष्य ठरू लागला. पेशावराकडील एका फौजेने १८४६च्या सुमारास धरलेला खाकी रंग शतक संपता संपता इंग्रजांच्या साऱ्या परदेशी फौजांत पसरला. १९१४ साली फ्रेंच शिपाई तांबड्या विजारी घालून युद्धावर गेले. त्या बदलल्या जाण्यापूर्वी त्याची जबर किंमत मोजावी लागली. तेव्हापासून खरा शिपाई दिसू नये म्हणूनच वेष करतो, आणि खेळातला शिपाई दिसावा म्हणून. 'आमचा खेळ हुबेहूब युद्धासारखा आहे' असे जाहिरातीत वाचले, की मला या विसंगतीची आठवण होते. हुबेहूब युद्धात बहुतेक वेळा शत्रू दिसतच नाही.

दिसणे न दिसणे हे पाहणाऱ्याच्या डोळ्यावरही अवलंबून असते, ही गोष्ट आम्हां साकोलीकरांना सांगावयास नको; कारण नागझिऱ्याचे रान आमच्या शेजारी आहे. आपल्याला वाघाचा केशरी रंग किती भडक वाटतो! पण हरणाच्या डोळ्याला केशरी आणि हिरवा यांतला भेद कळत नाही. त्याला वाघ गवताच्याच रंगाचा दिसतो. माणसांतही, विशेषतः पुरुषांत, तांबडा-हिरवा भेद न कळणारे पुष्कळ असतात. तांबडा तो शत्रू आणि हिरवा तो मित्र असा नियम केला, की अशा मुलाच्या वाट्याला हरणाची गत येते. २०२० सालच्या 'व्हॅलोरंट'मध्ये शत्रूभोवतीची कड तांबडी, पिवळी की जांभळी ठेवावी हे खेळणाराच ठरवतो. सोय लहान आहे, परंतु तिच्यामागे माणुसकी आहे.

आपल्याकडे मोबाईलवर घरोघर पोहोचलेला खेळ म्हणजे 'पबजी'. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली आणि २०२१च्या जुलैत तो 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने परत आला. त्यात शत्रूच्या ठरीव जाती नाहीतच. शंभर माणसे बेटावर उतरतात आणि सारी सारखीच असतात. ओळख पटते ती मिळवलेल्या वस्तूंवरून: पहिल्या दर्जाचे शिरस्त्राण मोटारसायकलवाल्याचे वाटते, तिसऱ्या दर्जाचे चेहराच झाकून टाकते, पाठीवरची पिशवी दर्जागणिक मोठी होते. शिवाय पावलांचा आवाज आणि बंदुकीचा आवाज. येथे डोळ्याइतकेच काम कानाला आहे. सर्वांची सुरुवात सारखी, हा या खेळाच्या लोकप्रियतेचा एक पाया असावा.

येथवर मी कौतुकच केले. माझा आक्षेप पुढे आहे, आणि तो गंभीर आहे.

वर सांगितलेल्या चांगल्या उदाहरणांत शत्रू ओळखू येतो तो त्याच्या कृतीच्या चिन्हाने. आडवा तो दणकट, काटकुळा तो वेगवान, सोनेरी तो सरदार. हा काय करील, एवढेच ते रूप सांगते. परंतु आधुनिक युद्धावरचे म्हणवणारे अनेक खेळ ही मेहनत टाळतात. २००७ सालच्या 'कॉल ऑफ ड्यूटी फोर'मध्ये अमेरिकन शिपाई ज्या देशात उतरतात त्याला नावदेखील दिलेले नाही. पश्चिम आशियातला कोणतातरी देश, एवढेच. शत्रू अरबी बोलतो, डोक्या-तोंडाला फडके गुंडाळतो, आणि तेवढ्यावर त्याच्यावर गोळी झाडावयाची असते. येथे रूप सांगते ते कृत्य नव्हे, जन्म. हा कलेचा आळस आहे आणि नीतीचाही. भाषेवरून आणि फडक्यावरून माणूस ओळखण्याची सवय मुलाला खेळाच्या पडद्यावर लागली, तर ती पडदा बंद केल्यावर कोठे जाईल? अशी सवय लागतेच असे मी म्हणत नाही. मुले आपण समजतो त्याहून शहाणी असतात. परंतु जो खेळ मुलाच्या शहाणपणावर भार टाकून आपण मोकळा होतो, त्याची रचना सदोष म्हणावी लागेल.

मौज अशी, की याच खेळात एक विलक्षण प्रसंगही आहे. आपण उंच विमानात बसलेलो असतो. उष्णता टिपणाऱ्या यंत्रातून खालची माणसे करड्या पडद्यावर पांढऱ्या आकृत्यांसारखी दिसतात. आपली आणि परकी अगदी सारखी! फरक एवढाच, की आपल्या माणसांच्या अंगावर एक दिवा लुकलुकत असतो. चेहरा, वेष, भाषा सारे गळून पडते, आणि त्या लुकलुकण्यावर माणसाचे जगणे ठरते. तो प्रसंग मुलांना फार सोपा वाटतो. मला तो पाहून थंडी वाजते.

पाच वर्षांनी, २०१२ साली, 'स्पेक ऑप्स: द लाइन' या खेळाने त्याच पांढऱ्या ठिपक्यांचा जाब विचारला. वाळूत गाडल्या गेलेल्या दुबईत नायक एका पडद्यावर पाहून दाहक गोळे टाकतो. पडद्यावर ठिपकेच ठिपके. आणि काचेत पुसटसे त्याचे स्वतःचे तोंड. मग तो खाली उतरून चालत जातो, तेव्हा कळते की ठिपक्यांचा एक मोठा घोळका आसऱ्याला आलेल्या नागरिकांचा होता. खेळ प्रौढांसाठीच आहे आणि मी तो मुलांच्या हाती देणार नाही. पण ओळख पटवण्याच्या साऱ्या विद्येवर एवढे परखड भाष्य मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

म्हणून माझी कसोटी अशी. शत्रूचे रूप निमिषात कळावे, सर्व प्रकारच्या डोळ्यांना कळावे, आणि ते त्याच्या करणीचे चिन्ह असावे. ही तीन कलमे पाळणारा खेळ मला चांगल्या नाटकाच्या पंक्तीला बसवावासा वाटतो. मात्र नाटकाचा खलनायक पहाटे रंग पुसतो, चहाच्या टपरीवर येतो आणि रात्री त्याला शिव्या देणारी माणसेच त्याच्या कामाची वाहवा करतात. खेळातल्या शत्रूला रंग पुसण्याची सोय नाही. ते काम घरातल्या मोठ्या माणसांनी करावे. या सुटीत मुलाच्या शेजारी घटकाभर बसा आणि त्याला विचारा, "हा शत्रू आहे हे तुला कशावरून कळले रे?" तो जे उत्तर देईल त्यावरून त्या खेळाची परीक्षा तुमची तुम्हांलाच करता येईल.